जिम उघडल्या, पण पहिल्या दिवशी रॉडवर किती घालायचं?

कासवगती | 26 ऑक्टोबर 2020, 08:10

काल दसऱ्याला राज्यातल्या जिम उघडल्या. कोविडमुळे मुंबई-पुणे-नागपुरात 13 मार्चच्या मध्यरात्रीपासून कुलूप होतं. केंद्राने 5 ऑगस्टलाच मोकळीक दिली होती, आपल्याकडे सोनं लुटायच्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागली.

जो तो सांगतोय, "पहिला आठवडा जपा." माझं मत उलटं आहे. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, माणूस आपोआप जपतो. घात चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो. आधी कमावलेला स्नायू झपाट्याने परत येतो. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) मात्र सावकाश सुधारतात, त्यांना रक्तपुरवठाच कमी. दुखणं थांबलेलं असतं, ताकद आल्यासारखी वाटते आणि नेमकं तेव्हाच माणूस मार्चमधल्या वजनांची वही उघडतो.

माझा आराखडा: आठवड्यात 3 दिवस. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, डेडलिफ्ट. मार्चमधल्या कमाल वजनाच्या (जे जेमतेम एकदाच उचलता येतं त्याच्या) 60 टक्क्यांवर 5 सेट (फेऱ्या), प्रत्येकी 10 रेप (आवृत्त्या). दर आठवड्याला 5 टक्के वाढ. यातल्या चुका काढा. ज्यांना सरकारवर बोलायचंय त्यांनी दुसरा धागा काढावा.

वडापाव_शून्य_कॅलरी | 26 ऑक्टोबर, 08:22

दोनच शब्द: हलके घ्या.

(या धाग्यावर हा सल्ला शब्दशः घ्यावा.)

डॉ_थर्मामीटर | 26 ऑक्टोबर, 09:05

कासवगती, टेंडनचं पटलं. पहिल्या आठवड्यात "माणूस आपोआप जपतो" हे मात्र धोकादायक विधान आहे. ऱ्हॅब्डोमायोलिसिस होतो तो पहिल्याच आठवड्यात, बऱ्याचदा पहिल्याच दिवशी. मोठ्या खंडानंतर एकदम भरपूर रेप मारल्या की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. वजन फार लागतं असंही नाही. शे-दोनशे बैठका, पहिलाच स्पिनिंगचा (जागेवरच्या सायकलीचा) वर्ग, किंवा मित्राने धरून करवलेले बायसेपचे निगेटिव्ह (जड वजन फक्त हळू खाली सोडणं), एवढं पुरतं.

साधं अंग धरणं आणि हे, यातला फरक असा. साधं दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला जातं आणि हालचाल केली की जरा सैल होतं. ऱ्हॅब्डोत दुखणं कामाच्या मानाने अवाजवी असतं, दंड किंवा मांडी सुजून कडक होते, कोपर सरळ होत नाही, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. लघवीचा रंग बदलला की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रक्तात सीपीके (स्नायू फुटल्याची खूण) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम) तपासतात, शिरेतून सलाइन देतात. घरी बसून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्या गोळ्यांचा भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो.

चौकोनी_चिमणी | 26 ऑक्टोबर, 09:31

वाचनखूण साठवली. आता जिमला जायचीच भीती वाटतेय. :)

बारबेल_बाई | 26 ऑक्टोबर, 11:48

भीती नको, हिशोब करा.

अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचांच्या दोन संघटनांनी, एनएससीए आणि सीएससीसीए, 2019 मध्ये खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी एकत्र मार्गदर्शिका काढली. त्यात एक सोपं गणित आहे: सेट × रेप × कमाल वजनाचा अंश. एका व्यायामप्रकाराचं उत्तर 11 ते 30 मध्ये राहिलं पाहिजे.

कासवगती यांचा आराखडा: 5 × 10 × 0.60 = 30. काठावर पास. पण 0.60 हे मार्चच्या कमाल वजनाचं. समजा मार्चमध्ये स्क्वॉट 100 किलो होता आणि आज कमाल 80 आहे. मग 60 किलो म्हणजे आजचे 75 टक्के. 5 × 10 × 0.75 = 37.5. नापास. त्याच दिवशी डेडलिफ्टही आहे, म्हणजे त्याच मांड्या, तीच कंबर पुन्हा.

त्याऐवजी 50 किलो, 3 सेट, 8 रेप. 3 × 8 × 0.625 = 15. पहिल्या आठवड्याला भरपूर झालं. त्याच मार्गदर्शिकेत धावणं, दोरीउड्या, सर्किट अशा दमाच्या कामाचा नियम आहे: नेहमीच्या आराखड्यातून पहिल्या आठवड्यात 50 टक्के कापा, मग 30, मग 20, मग 10. आणि पहिल्या आठवड्यात काम-विश्रांतीचं प्रमाण 1:4 ठेवा. 15 सेकंद जोर तर मिनिटभर दम.

दर आठवड्याला टक्क्यांनी वाढवायची कल्पना कागदावर बरी. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किंवा अडीच किलोची असते. स्क्वॉटला आठवड्याला 5 किलो ठीक. बेंच प्रेसला अडीचच, आणि ओव्हरहेड प्रेस दोन आठवडे एकाच वजनावर राहिला तरी चालेल.

गणित_कच्चं | 26 ऑक्टोबर, 12:02

ताई, आजचं कमाल वजन कळणार कसं? ते मोजायला कमाल वजनच उचलावं लागेल ना?

बारबेल_बाई | 26 ऑक्टोबर, 12:20

मुळीच नाही. पहिले चार आठवडे कमाल चाचणी वर्ज्य. पाच रेपचा असा सेट घ्या ज्यात अजून तीन-चार निघाल्या असत्या. म्हणजे ते वजन साधारण आठ-नऊ रेपचं, अर्थात आजच्या कमालच्या 75 ते 80 टक्के. 60 किलोवर असं झालं तर कमाल 75 ते 80 धरा. हेही दुसऱ्या आठवड्यात करायचं. पहिल्यात सरळ जुन्याच्या निम्मं घ्या, डोकं चालवू नका.

खडखडाट | 26 ऑक्टोबर, 14:37

शरीराचं झालं, आता लोखंडाकडे बघा. सात महिने बंद खोली, त्यात अख्खा पावसाळा. मशिनं नुसती पुसून चालू केलेली असतात. जाणाऱ्याने स्वतः तपासायच्या गोष्टी:

केबल. तारेचा दोर सगळ्यात आधी जातो तो टोकाच्या दाबलेल्या कडीपाशी आणि जिथे पुलीवर वळतो तिथे. वरचं प्लॅस्टिक आवरण चिरलंय, फुगलंय किंवा आतून तपकिरी डाग दिसतोय, तर आत गंज आहे. आवरण नसलेल्या दोरावरून कापूस फिरवा, तुटकी तार असेल तर कापूस अडकतो. बोट फिरवू नका. चिकटपट्टी गुंडाळलेली केबल दिसली की त्या मशिनला हात लावायचा नाही. केबल बदलतात, दुरुस्त करत नाहीत.

पिन. वजनाच्या थरात मूळ पिनच हवी. खिळा किंवा बोल्ट खुपसलेला असेल तर तो मधूनच सटकतो.

ट्रेडमिल. बंद करून पट्ट्याची कड उचला, पट्टा आणि फळी यांच्यामध्ये हात घाला. बोटाला बुळबुळीतपणा जाणवला पाहिजे. कोरडं असेल तर मोटार जास्त करंट खेचते, पट्टा पाऊल पडलं की अडखळतो आणि माणूस पुढे फेकला जातो. शुद्ध सिलिकॉन तेलच टाकायचं, 20-30 मिली, पट्ट्याखाली नागमोडी. मग ताशी 3-4 किलोमीटरवर पाच मिनिटं चालून पसरवायचं. खोबरेल, इंजिन ऑइल, शिलाई मशिनचं तेल यांनी पट्टा खराब होतो. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मागच्या रोलरचा उजवा बोल्ट पाव वळसा घट्ट करा, दोन मिनिटं रिकामा फिरवा, मग पुढचा पाव वळसा. एकदम पूर्ण वळसा दिला की पट्टा दुसऱ्या बाजूला जाऊन कड फाटते.

रबरी बँड. ताणून उजेडात धरा. बारीक चिरा किंवा चिकटपणा दिसला की कचऱ्यात. तुटलेला बँड सरळ डोळ्यावर येतो.

बेंचचे बोल्ट, रॅकचे हुक, रॉडच्या टोकाची फिरती बाही: हलवून बघा.

मालक_बोलतोय | 26 ऑक्टोबर, 15:10

खडखडाट भाऊ, प्रत्येक मेंबर कापूस घेऊन आला तर माझी जिम की दवाखाना?

खडखडाट | 26 ऑक्टोबर, 15:26

मेंबरने आणायची वेळ येऊ नये म्हणून मालकाने आधी फिरवावा.

मालक_बोलतोय | 26 ऑक्टोबर, 15:40

मान्य. आता खरी अडचण ऐका. नियमाप्रमाणे प्रत्येक मेंबरनंतर मशीन पुसायचं. हायपोक्लोराइटने पुसलं तर क्रोम जातं, स्पिरिटने पुसलं तर रेक्झिन तडकतं. पुसायचं कशाने?

खडखडाट | 26 ऑक्टोबर, 16:15

जागेप्रमाणे वेगळं.

फरशी, दाराच्या फळ्या, बाथरूम: 1 टक्का हायपोक्लोराइट. कॅनवर 5 टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज ताजं करा, उन्हात ठेवलेलं निरुपयोगी होतं. टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

रॉड, डंबेल, हँडल: 70 टक्के अल्कोहोल, फडक्यावर घेऊन. पकडीच्या खरखरीत भागावर हायपोक्लोराइट गेलं तर लगेच गंजाचे ठिपके उठतात. आधीच गंज असेल तर नायलॉनचा ब्रश मारा, थ्री-इन-वन तेलाचे दोन-तीन थेंब, कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्या. तेल राहिलं तर डेडलिफ्टला रॉड हातातून निसटतो.

रेक्झिनच्या गाद्या: साबणाचं पाणी, मग साधं ओलं फडकं, मग कोरडं. या विषाणूवरचं आवरण चरबीचं असतं, साबण ते फोडतो. उगाच महागडा स्प्रे नको.

ट्रेडमिलचा डिस्प्ले: थेट फवारा मारायचाच नाही. बटणांच्या फटीतून आत गेलं की कार्ड गेलं.

पिंपळपान | 26 ऑक्टोबर, 18:03

पृष्ठभागांवर एवढी चर्चा आणि हवेवर एकही ओळ नाही?

दक्षिण कोरियातल्या चोनान शहरातलं उदाहरण बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या फिटनेस डान्सच्या वर्गांतून 12 ठिकाणी मिळून 112 जणांना लागण झाली. लहान खोली, गर्दी, जोरात श्वास. आणि त्यातल्याच एका ठिकाणी लागण झालेली एक शिक्षिका 7-8 जणांना पिलाटेस-योग शिकवत होती, तिच्या वर्गात कुणालाही झाली नाही. फरक श्वासाच्या जोराचा आणि डोक्यांच्या संख्येचा.

केंद्राच्या नियमावलीत माणशी 4 चौरस मीटर आहे. 1000 चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर, म्हणजे 23 माणसं. त्यातून मशिनांची जागा वजा करा, पंधरा-सोळा उरतात. एसी 24 ते 30 अंशांवर आणि आर्द्रता 40 ते 70 टक्के असंही लिहिलंय. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या आणि एका खिडकीत बाहेर फेकणारा पंखा. हे नसेल तर त्या जिमला आत्ता जाऊ नका, थर्मल गन कितीही कपाळाला लावू देत.

वडापाव_शून्य_कॅलरी | 26 ऑक्टोबर, 18:20

त्याच नियमावलीत हास्ययोगाला मनाई आहे, वाचलंत का? हसणं बेकायदा. आमच्या सोसायटीतले सात वाजताचे काका हद्दपार होणार!

चौकोनी_चिमणी | 26 ऑक्टोबर, 18:24

+1. काही नियम लोकभावनेचा आदर करून केलेले असतात.

निर्विकार_नारळ | 26 ऑक्टोबर, 20:41

मास्कचं बोला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते व्यायाम करताना मास्क नको. आपल्याकडे जिममध्ये मास्कशिवाय आत घेत नाहीत. कुणाचं ऐकायचं?

डॉ_थर्मामीटर | 26 ऑक्टोबर, 21:30

संघटनेचा आक्षेप असा की घामाने मास्क भिजला की श्वास अडतो आणि ओल्या कापडावर जंतू वाढतात. तो आक्षेप मोकळ्या मैदानात ठीक. बंद खोलीत मास्क काढायला सांगणं मला पटत नाही. मधला मार्ग: तीन पदरी सुती किंवा सर्जिकल मास्क, दोन जादा खिशात, भिजला की बदला. एन-95 लावून ट्रेडमिलवर धावू नका. व्हॉल्व्हचा मास्क तर नकोच, तो बाहेर सोडलेली हवा गाळत नाही.

व्यायाम मास्कला जुळवून घ्या. वजनांच्या सेटला फारसा फरक पडत नाही. कार्डिओला गती कमी करा: सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी हीच बोलण्याची कसोटी वापरावी, कारण त्यांच्या नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, घड्याळ खोटा दिलासा देतं.

दारात ऑक्सिमीटर लावतात, 95 च्या खाली असेल तर व्यायामाला सोडायचं नाही असा नियम आहे. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा.

पिंपळपान | 26 ऑक्टोबर, 21:44

डॉक्टर, पंधरा मिनिटं मास्क लावून उरलेला तास तो हनुवटीवर, हे दृश्य सगळीकडे आहे. त्यापेक्षा गच्चीवर मास्कशिवाय व्यायाम बरा.

डॉ_थर्मामीटर | 26 ऑक्टोबर, 21:52

गच्ची असेल तर वादच नाही.

तांबडी_माती | 27 ऑक्टोबर, 07:15

गच्ची कशाला, तालीम आहे की! अवांतर होतंय, पण तालमींचाही हाच प्रश्न आहे म्हणून लिहितो.

हौद्यातल्या मातीला सात महिने पाय लागला नाही तर ती घट्ट बसते, पावसाळ्यात वर पापुद्रा धरते, कडेला बुरशी येते. तशीच पाणी मारून वापरली तर पडल्यावर खांदा निघतो आणि कातडीला नायटा होतो. आधी फावड्याने वीतभर खाली उकरायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, दोन-तीन दिवस दारं-खिडक्या उघडी ठेवून कोरडी होऊ द्यायची. मग ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून कालवायची. काही ठिकाणी कडुलिंबाचा पाला घालतात. रोज सकाळी उकरणं हा स्वतःच खांदे-कंबरेचा व्यायाम आहे, पोरांना पहिला आठवडा एवढाच द्यावा.

लढती आत्ता नकोतच, अंगाला अंग लागतं. जोर-बैठका करा. पण आपली बैठक टाचा उचलून असते. सगळा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर आणि टाचेमागच्या टेंडनवर. पाचशे मारणाऱ्यानेही दहा-दहाच्या पाच फेऱ्यांपासून सुरू करावं. दर तिसऱ्या दिवशी एक फेरी वाढवा. शंभर आकडा दुखल्याशिवाय झाला की मग फेरीतल्या बैठका वाढवा.

कासवगती | 27 ऑक्टोबर, 08:30

तांबडी माती, बैठकीच्या टाचेचा मुद्दा चपखल. माझं टेंडनचं म्हणणं हेच होतं. 2011 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये मालक-खेळाडू वादामुळे महिनोन्महिने संघाचा सराव बंद होता. सराव शिबिरं सुरू झाल्यावर पहिल्या 12 दिवसांत 10 जणांचं टाचेमागचं टेंडन तुटलं. ते तर व्यावसायिक खेळाडू, घरी व्यायाम करणारे.

डॉ_थर्मामीटर | 27 ऑक्टोबर, 08:47

पहिल्या 12 दिवसांत! चौथ्या आठवड्यात नव्हे. :)

कासवगती | 27 ऑक्टोबर, 08:55

झालं, स्वतःच्याच उदाहरणात सापडलो. तरी माझा मुद्दा उरतो. ते पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने पळाले. हौशी माणूस त्या वेगाला महिन्याने पोचतो.

बारबेल_बाई | 27 ऑक्टोबर, 10:40

दोघंही बरोबर आहात, कारण दोन वेगळे धोके आहेत. पहिल्या आठवड्यात रेपची संख्या मारते, नंतर वेग आणि वजन.

टेंडनसाठी पहिल्या दिवसापासून करायचं काम: पायरीवर उभं राहून पिंढऱ्यांचे रेज, 3 सेकंद वर, 3 सेकंद खाली, 15 चे 3 सेट, एक दिवसाआड. गुडघ्यासाठी लेग एक्स्टेन्शनवर साधारण 60 अंशांत पाय स्थिर धरून 45 सेकंदांचे 5 होल्ड, मध्ये 2 मिनिटं विश्रांती. मशीन नसेल तर भिंतीला पाठ टेकून खुर्चीची बैठक. उड्या, बॉक्स जंप, स्प्रिंट पाचव्या आठवड्यापर्यंत बंद. आणि चौथ्या आठवड्यात, नेमकं जोर आल्यासारखं वाटेल तेव्हा, वजन तेच ठेवून सेट निम्मे करा.

कसोटी साधी आहे: व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं. टाच किंवा गुडघा आखडलेला असेल तर काल जास्त झालं होतं. स्नायू दुखला तर चालतं, सांध्याजवळ बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर वाढ थांबवा.

खांद्यांचंही: सात महिने डायनिंग टेबलावर लॅपटॉप, खांदे पुढे आलेत. बेंच प्रेसच्या प्रत्येक सेटला रोइंग किंवा फेस पुलचे (केबल चेहऱ्याकडे ओढण्याचे) दोन सेट. ओव्हरहेड प्रेसआधी भिंतीला पाठ, डोकं आणि कंबर टेकून हात वर न्या. मनगटं भिंतीला लागत नसतील तर रॉड डोक्यावर नेऊ नका, तिरक्या बेंचवर डंबेल घ्या.

सुगरण_नाही_मी | 27 ऑक्टोबर, 13:05

खाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. वजन 70 किलो असेल तर दिवसाला 110 ग्रॅम प्रथिनं पुरे, किलोमागे 1.6 च्या हिशोबाने. सोया चंक्स 100 ग्रॅम कोरडे म्हणजे 52 ग्रॅम, पनीर 100 ग्रॅम म्हणजे 18, एक अंडं 6, कोरडी मटकी 100 ग्रॅम म्हणजे साधारण 23. वरणाच्या पातळ वाटीत फार तर 5-6, त्यामुळे "आम्ही रोज डाळ खातो" यावर विसंबू नका.

मार्चमध्ये उघडलेला व्हे प्रोटीन पावडरचा डबा हुंगून बघा, आंबूस किंवा गोळे झालेला असेल तर फेका. प्री-वर्कआउटही (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनची पावडर) पहिल्या महिन्यात नको, कॅफिनच्या जोरावर चार रेप जादा निघतात आणि त्याच नडतात. क्रिएटिन घ्यायचं तर रोज 3 ते 5 ग्रॅम, सुरुवातीचा 20 ग्रॅमचा मारा न करता.

वडापाव_शून्य_कॅलरी | 27 ऑक्टोबर, 13:11

14 नोव्हेंबरला दिवाळी. चकलीत किती ग्रॅम?

सुगरण_नाही_मी | 27 ऑक्टोबर, 13:19

भाजणीत डाळी असतात, थोडी आहेत. तेल मोजू नका.

चौकोनी_चिमणी | 28 ऑक्टोबर, 09:50

फीचं काय करायचं? मार्चमध्ये वर्षाचे भरलेले असतील तर?

गणित_कच्चं | 28 ऑक्टोबर, 10:12

बंद काळ मुदतीत वाढवून घ्या आणि तोंडी नाही, पावतीवर नवी तारीख लिहून घ्या. नवीन फी वर्षाची भरू नका, महिन्याची किंवा फार तर तिमाहीची. जीएसटी धरून आकडा विचारा. स्टीम-सॉना बंद आहे, झुंबाही बंद, त्याचे पैसे पॅकेजमध्ये असतील तर वजा करून मागा.

मालक_बोलतोय | 28 ऑक्टोबर, 10:45

सगळेच महिन्याची भरतील तर भाडं आणि मशिनांचे हप्ते कोण भरणार? जागामालक मुदत वाढवून देत नाही. मधला रस्ता सुचवतो: तिमाही भरा, पण "पुन्हा बंद झाल्यास दिवस पुढे धरले जातील" हे वाक्य पावतीवर छापून मागा. चांगला मालक नाही म्हणणार नाही. झुंब्याचे पैसे वजा करणं रास्त आहे.

थेम्सकाठी | 1 नोव्हेंबर, 02:30

ते वाक्य खरंच छापून घ्या. इंग्लंडमध्ये जिम 25 जुलैला उघडल्या होत्या, काल जाहीर झालं की 5 तारखेपासून परत बंद.

पुन्हा बंद झालं तर काय, याचीही तयारी असू द्या. टिकवायला फार कमी लागतं. तरुण माणसाला आठवड्यातून एकदा, सेट एक तृतीयांश, पण वजन तेवढंच जड, एवढ्यावर ताकद महिनोन्महिने टिकते. साठीच्या पुढे दोनदा. म्हणून जिम उघडी असताना घरासाठी एक जड गोष्ट घेऊन ठेवा: 24 किलोचं केटलबेल, नाहीतर दोन समायोज्य डंबेल. हलक्या बँडांच्या भरवशावर स्क्वॉट टिकत नाही.

निर्विकार_नारळ | 1 नोव्हेंबर, 09:15

ज्यांना कोविड होऊन गेलाय त्यांनी? माझ्या प्रश्नाला आधी बगल मिळाली.

डॉ_थर्मामीटर | 1 नोव्हेंबर, 10:05

विचारलंच नव्हतं राव. :)

सौम्य लक्षणं, घरीच बरे झालेले: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान 10 दिवस आराम, आणि औषधाविना लक्षणमुक्त असे 7 दिवस. दोन्ही अटी पूर्ण झाल्यावर पहिले दोन दिवस फक्त चालणं किंवा सायकल, 15 मिनिटं, नाडी कमालच्या 70 टक्क्यांखाली. 220 वजा वय हा ढोबळ हिशोब: 40 वर्षांचा असेल तर 180 चे 70 टक्के, म्हणजे 126. वजनं त्यानंतर, आणि बाईंच्या हिशोबाच्याही निम्म्यावर.

सुरू करण्याआधी घरातल्या घरात 6 मिनिटं चाला. ऑक्सिजन 3 टक्क्यांहून जास्त घसरला तर जिम नाही, डॉक्टर. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, किंवा जिना चढताना नवीनच लागलेली धाप असेल तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय काहीही नको. हृदयाच्या स्नायूला सूज निघाली तर 3 ते 6 महिने पूर्ण बंद. रुग्णालयात राहिलेल्यांनी धाग्यावरून सल्ला घेऊ नये, माझाही.

बीपीवाल्यांनी दारात मोजून घ्या. बसल्या जागी 180/110 किंवा वर असेल तर त्या दिवशी परत घरी. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (मधुमेहाच्या गोळ्यांचा एक प्रकार) घेणाऱ्यांनी साखर 100 च्या खाली असेल तर आधी केळं खाऊन थोडं थांबावं. सात महिन्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने साखर रात्री उशिराही उतरते, उशाशी ग्लुकोज ठेवा.

गणित_कच्चं | 1 नोव्हेंबर, 11:30

सगळं वाचलं. मूळ प्रश्नावर येतो. ज्याने वही ठेवलीच नव्हती, जुनं कमाल वजनच माहीत नाही, त्याने रॉडवर किती घालायचं?

बारबेल_बाई | 1 नोव्हेंबर, 12:10

रिकामा रॉड. सात फुटी ऑलिम्पिक रॉड 20 किलोचा असतो, 15 किलोचा थोडा बारीक येतो. जिममधले बाकीचे साधे रॉड 8 ते 12 किलोचे कुठलेही असू शकतात, काट्यावर ठेवून बघा. रिकाम्या रॉडने 8 रेप, मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो, पुन्हा 8. असं वाढवत न्या. ज्या सेटला शेवटची रेप आधीच्या रेपपेक्षा हळू वर गेली तिथे थांबा आणि त्याच्या एक पायरी खालचं वजन हे पहिल्या आठवड्याचं. बेंच प्रेसला कॉलर (प्लेटा अडकवणारी कडी) लावू नका जर मागे कुणी उभं नसेल तर. अडकलात तर एका बाजूला कलवून प्लेटा सोडता येतात. अंतर पाळायचं म्हणून आत्ता स्पॉटर (मागे उभं राहून रॉड धरणारे) मिळत नाहीयेत.

खडखडाट | 1 नोव्हेंबर, 12:22

आणि प्लेटा सोडायच्या आधी बाजूला कोण आहे ते बघा. रॅक असेल तर छातीच्या दोन बोटं खाली सेफ्टीचे दांडे लावून कॉलरसकट करा, ते जास्त बरं.

कासवगती | 1 नोव्हेंबर, 13:00

बदल नोंदवतो: 60 टक्के काढून 50, 5 सेटचे 3, चौथ्या आठवड्यात निम्मे. डेडलिफ्ट पहिल्या दोन आठवड्यांत स्क्वॉटच्या दिवशी नाही. कंबरेचा पट्टा लावावा का यावर कुणी बोललं नाही?

बारबेल_बाई | 1 नोव्हेंबर, 13:08

निम्म्या वजनाला पट्टा कशाला? सहाव्या आठवड्यात विचारा.